देणगी नव्हे, कर्ज : गिरगावातील एका गच्चीचा इतिहास

भगवान महावीरांच्या चतुर्विध संघाची कल्पसूत्रात आलेली गणना पर्युषणात दरवर्षी कानावर पडते. १४,००० साधू, आर्या चंदनबालेच्या नेतृत्वाखाली ३६,००० साध्वी, १,५९,००० श्रावक आणि ३,१८,००० श्राविका. साध्वींची संख्या साधूंच्या अडीचपटीहून अधिक आहे आणि श्राविकांची संख्या श्रावकांच्या नेमकी दुप्पट आहे, ही गोष्ट मात्र ऐकणाऱ्याच्या मनात क्वचितच रेंगाळते. संघाची चार अंगे मानली गेली आणि त्यांतील दोन स्त्रियांची मानली गेली. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या समाजात ही लहान गोष्ट नव्हती.

त्याच समाजाच्या धर्मशाळा, पाठशाळा आणि भोजनशाळा यांच्या भिंतींवरील संगमरवरी फलक वाचीत गेले तर निराळेच चित्र दिसते. तेथेही स्त्रीचे नाव पुष्कळदा आढळते, पण ते ‘मातोश्रींच्या स्मरणार्थ’ किंवा ‘धर्मपत्नीच्या पुण्यस्मृतीप्रीत्यर्थ’ अशा शब्दांत. नाव तिचे असते, देणारा हात पुत्राचा वा पतीचा असतो. स्त्रीने स्वतः मिळवलेला, स्वतः राखलेला आणि स्वतःच्या सहीने खर्च केलेला पैसा या फलकांवर शोधावा लागतो.

तो मुळीच सापडत नाही असे नाही. दहाव्या शतकात कर्नाटकातील अत्तिमब्बे या श्राविकेने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या १,००० हस्तलिखित प्रती करवून घेतल्या आणि त्या वाटल्या. छपाईचा मागमूसही नसलेल्या काळातील हे ग्रंथदान आहे. ‘दानचिंतामणी’ हे बिरुद तिच्या नावाला कायमचे जडले. अहमदाबादचे शेठ हठीसिंह यांनी धर्मनाथ भगवंतांचे भव्य मंदिर बांधावयास घेतले, पण १८४५ मध्ये त्यांचे निधन झाले. अपुरे राहिलेले ते काम त्यांच्या पत्नी हरकुंवर शेठाणी यांनी पुढे नेले आणि १८४८ मध्ये पूर्णत्वास नेले. हठीसिंहांची वाडी म्हणून आज ओळखले जाणारे ते मंदिर वस्तुतः एका विधवेच्या व्यवस्थापनकौशल्याचे स्मारकही आहे. मुंबईत दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांच्या कन्या मगनबाई यांना अल्पवयातच वैधव्य आले. पित्याने त्यांना घराच्या कोपऱ्यात बसू दिले नाही, शिकवले. पुढे मगनबाईंनी मुंबईत श्राविकाश्रम चालविला आणि १९३० मध्ये निधन होईपर्यंत विधवा व निराधार श्राविकांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले. समाजाने त्यांना ‘जैन महिलारत्न’ म्हणून गौरविले.

या तिन्ही स्त्रिया थोर आहेत, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या हाती जी संपत्ती आली ती कुळाची होती, पतीची होती किंवा पित्याची होती. ज्या स्त्रीच्या पाठीशी शेठ नाही, वाडी नाही, पेढी नाही, तिने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या चरित्रांत मिळत नाही. ते उत्तर शोधण्यासाठी गिरगावात यावे लागते, आणि तेही एखाद्या आश्रमात किंवा परिषदेत नव्हे, तर एका चाळवजा इमारतीच्या गच्चीवर.

१५ मार्च १९५९ हा तो दिवस. गिरगावातील लोहाणा निवासात राहणाऱ्या सात गुजराती गृहिणी आपल्या इमारतीच्या गच्चीवर जमल्या आणि पापड लाटू लागल्या. जसवंतीबेन जमनादास पोपट, पार्वतीबेन थोडाणी, उजमबेन कुंडलिया, बानुबेन तन्ना, लागुबेन गोकाणी, जयाबेन विठलाणी आणि त्यांची आणखी एक सखी अशा या सात जणी. शिक्षण बेताचे, घरची मिळकत तुटपुंजी, बाहेर नोकरी करण्याची रीत नाही. स्वयंपाक एवढीच काय ती विद्या हाती होती. पहिल्या दिवशी चार पुडे पापड तयार झाले. भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे ते विक्रीस दिले गेले.

यासाठी भांडवल लागले ते ऐंशी रुपये. सर्वेंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे सदस्य आणि समाजसेवक छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून ते घेतले गेले, आणि ते कर्ज म्हणून घेतले गेले. या एका शब्दात सगळा इतिहास आहे. छगनबापांसारखा उदार मनुष्य ऐंशी रुपये सहज देऊन टाकू शकला असता. त्या काळात अशा भगिनींना शिलाईयंत्र देणे, धान्य देणे, सणासुदीला साडी देणे हीच समाजसेवेची प्रचलित रीत होती. या सात जणींनी मात्र पहिल्याच दिवशी ठरवले की संस्था तोट्यात गेली तरी कोणापुढे देणगीसाठी हात पसरावयाचा नाही. देणगी घेणाऱ्याला हिशेब द्यावा लागतोच असे नाही. कर्जदाराला मात्र तो द्यावाच लागतो.

छगनबापांनी पैशांपेक्षा मोलाच्या दोन गोष्टी दिल्या. आरंभी या भगिनी दोन प्रतींचे पापड करीत असत, एक उत्तम आणि एक हलक्या प्रतीचा, स्वस्तात विकण्यासाठी. बापांनी सांगितले की प्रत एकच ठेवा आणि तिच्याशी तडजोड करू नका. दुसरी गोष्ट म्हणजे हिशेब चोख ठेवा, हा धंदा आहे, धर्मादाय नव्हे. व्यापारी समाजाला यात नवे ते काय, असे वाटेल. नवे एवढेच की, पेढीवर बसणाऱ्या पुत्राला जे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जात होते ते प्रथमच चुलीपाशी बसणाऱ्या स्त्रीला सांगितले गेले.

पहिल्या तीन महिन्यांत पंचवीस भगिनी आल्या. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. मोडके पापड शेजारीपाजारी वाटून टाकले जात. मग पावसाळा आला आणि चार महिने काम बंद पडले. ज्या घरांत चातुर्मासात पापड वर्ज्य केले जातात, त्यांना याचे कारण सांगावयास नको. दमट हवेत वाळवण नीट वाळत नाही आणि त्यावर बुरशी धरते. पण ज्यांची चूल या वाळवणावर पेटत होती त्यांना चार महिने थांबणे परवडणारे नव्हते. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरावयाचे आणि खाली स्टोव्ह पेटवावयाचा, असा तो उपाय. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत या खाटेचा उल्लेख सापडणार नाही, परंतु लहान उद्योग टिकतो तो अशाच युक्तींवर.

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस भगिनींची संख्या तीनशेवर गेली आणि गच्ची अपुरी पडू लागली. तेव्हा जी व्यवस्था रूढ झाली ती अद्याप चालू आहे. उडदाचे पीठ एकाच ठिकाणी, एकाच प्रमाणात भिजवावयाचे. सकाळी भगिनींनी ते वजन करून घरी न्यावयाचे, घरी पापड लाटून वाळवावयाचे आणि दुसऱ्या दिवशी ते परत आणून वजन करून द्यावयाचे. लाटण्याच्या मजुरीला ‘वणाई’ म्हणतात. पापड प्रतीला उतरले नाहीत तर ते स्वीकारले जात नाहीत, आणि घरातील स्वच्छताही पाहिली जाते. प्रत एकसारखी राहावी म्हणून कच्चा माल मध्यवर्ती खरेदी होतो. उडीद म्यानमारचा, हिंग अफगाणिस्तानचा, मिरी केरळची. गिरगावातील खोलीत लाटल्या जाणाऱ्या पापडात असा तीन मुलखांचा माल एकत्र येतो.

१९६२ मध्ये मालाला नाव द्यावयाचे ठरले. त्यासाठी स्पर्धा ठेवली गेली, बक्षीस पाच रुपयांचे. धीरजबेन रुपारेल यांनी सुचविलेले ‘लिज्जत’ हे नाव निवडले गेले आणि संस्थेचे नाव ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ असे झाले. १९६२-६३ या वर्षी विक्री १ लाख ८२ हजार रुपयांपर्यंत पोहोचली. जुलै १९६६ मध्ये १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली संस्थेची नोंदणी झाली. सप्टेंबरमध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली आणि ८ लाख रुपयांचे खेळते भांडवल उपलब्ध करून दिले. ऐंशी रुपयांपासून आठ लाखांपर्यंतचा हा प्रवास सात वर्षांचा. १९६८ मध्ये गुजरातेत वालोड येथे महाराष्ट्राबाहेरील पहिली शाखा निघाली. सर्वच प्रयत्न सफल झाले असे नाही. काड्यापेट्या आणि अगरबत्ती करण्याचे उद्योग आरंभिले गेले आणि बंदही पडले. खाखरा, मसाले, वड्या, पिठाच्या गिरण्या आणि छपाई विभाग मात्र टिकले. २००२ च्या सुमारास ६२ शाखांतून ४२,००० भगिनी काम करीत होत्या आणि वार्षिक उलाढाल ३०० कोटी रुपयांच्या घरात होती. सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

परंतु आकड्यांच्या झगमगाटात या संस्थेचे खरे वैशिष्ट्य हरवू नये. पापड लाटणारी येथे नोकर नाही, ती भागीदार आहे. नव्याने येणारी भगिनी प्रतिज्ञापत्रावर सही करते आणि त्या सहीने संस्थेची सहमालक होते. सदस्यत्व केवळ स्त्रियांना आहे. हिशेबनीस, वाहनचालक अशा कामांवर पुरुष आहेत, पण त्यांना मताचा अधिकार नाही. कारभार २१ भगिनींची समिती पाहते आणि निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसंमतीने होतात. नफा झाला तर शाखेतील सर्वांत तो सारखा वाटला जातो. तोटा झाला तर वणाई कमी करून तो सर्वांनी सोसावयाचा. यातील शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे मानावे लागेल. नफ्यात वाटेकरी करणारे पुष्कळ भेटतात. तोट्यात जिला वाटेकरी धरले जाते, तिलाच खऱ्या अर्थाने मालकीण म्हणता येते.

या व्यवस्थेला मर्यादा आहेत, त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. वणाई ही अखेर वजनावर मिळणारी मजुरी आहे. काम घरात होते, म्हणजे चूल, मुले, वृद्धांची शुश्रूषा यांपैकी कशाचेही ओझे कमी न होता त्यावर पापडाचे काम येऊन पडते. पोळपाट-लाटणे स्त्रीच्याच हाती राहते. समानतेची ज्यांची कल्पना याहून व्यापक आहे त्यांनी यावर टीका केली तर ती अस्थानी म्हणता येणार नाही. तथापि घराबाहेर पडण्यास मज्जाव असलेल्या स्त्रीला घरातच स्वतःचा पैसा मिळू लागला, आणि पीठ आणण्याच्या निमित्ताने ती रोज सकाळी बाहेरही पडू लागली, याचे मोल त्या घरातील स्त्रियाच सांगू शकतील.

‘शाश्वत विकास’ हा शब्द १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालानंतर सर्वतोमुखी झाला. पुढील पिढ्यांच्या गरजांना बाधा न आणता आजच्या गरजा भागविणारा विकास, असा त्याचा आशय. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या १७ ध्येयांत स्त्री-पुरुष समानता हे पाचवे ध्येय आहे. लोहाणा निवासाच्या गच्चीवर हे शब्द कोणाला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. पण ऊन, हात आणि कडधान्य एवढ्यावर चाललेला, काहीही वाया न घालवणारा आणि देणगीदार आटला म्हणून बंद न पडणारा हा उद्योग त्या व्याख्येत सहज बसतो. हाच विचार पुढे इतरत्रही दिसला. अहमदाबादेत इला भट्ट यांनी १९७२ मध्ये ‘सेवा’ ही संघटना उभारली आणि १९७४ मध्ये ४,००० कष्टकरी स्त्रियांनी प्रत्येकी दहा रुपये घालून स्वतःची बँक काढली. मुंबईच्या गिरणगावात खाणावळी चालविणाऱ्या स्त्रियांना सावकाराच्या तावडीतून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन केले. पुढे गावोगावी बचतगट निघाले, तो इतिहास सर्वांच्या डोळ्यांसमोरचा आहे.

या सर्व इतिहासाचा जैन समाजाशी काय संबंध, असा प्रश्न येथे उपस्थित होणे साहजिक आहे. त्याचे उत्तर २००१ च्या जनगणनेत आहे. त्या वर्षी प्रथमच धर्मवार साक्षरतेचे व रोजगाराचे सविस्तर आकडे प्रसिद्ध झाले. जैन स्त्रियांची साक्षरता ९०.६ टक्के होती आणि देशातील एकूण स्त्रियांची ५३.७ टक्के. मगनबाईंनी पाहिलेले स्वप्न साकार झाले, असेच कोणीही म्हणेल. परंतु त्याच तक्त्याच्या पुढच्या रकान्यात, कामकरी स्त्रियांचे प्रमाण देशात २५.६ टक्के असताना, जैन स्त्रियांचे केवळ ९.२ टक्के आहे. दुकानाच्या गल्ल्यावर बसणारी, माल निवडणारी, घरून हिशेब लिहिणारी स्त्री जनगणनेच्या वहीत ‘कामकरी’ म्हणून पुष्कळदा नोंदलीच जात नाही, हे खरे. पण नोंदली जात नाही, हेच तर दुखणे आहे. तिचे काम कोणाच्याच वहीत नाही.

तिसरा आकडा याहून बोचणारा आहे. सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली किती, या मोजणीत २००१ मध्ये देशाचा आकडा ९२७ होता आणि जैनांचा ८७०. २०११ मध्ये जैनांचा ८८९ झाला. सुधारणा आहे, पण ती समाधान मानावे एवढी नाही. मुंगीलाही पाय लागू नये म्हणून जपणाऱ्या समाजाला हा आकडा अस्वस्थ करणारा वाटला नाही, तर कोणाला वाटावा? शिकलेली, सुस्थितीतील, धर्मशील घरे आणि मुलींची ही घट एकाच तक्त्यात असावी, यावर पर्युषणाच्या व्याख्यानांत अद्याप पुरेसे बोलले जात नाही. मुलगी म्हणजे खर्च आणि मुलगा म्हणजे पेढीचा वारस, हा हिशेब जोपर्यंत मनात पक्का आहे तोपर्यंत केवळ पदवीने तो खोडला जाणार नाही.

कायद्याने आपला भाग बराचसा केला आहे. वारसाच्या बाबतीत हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा दिला. २००५ च्या दुरुस्तीने तो देशभर मिळाला आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, २००५ मध्ये वडील हयात नसले तरी तो हक्क बाधित होत नाही, असे स्पष्ट केले. एवढे सगळे झाल्यावर तलाठी कार्यालयात आणि दुय्यम निबंधकांकडे काय घडते ते घराघरांत ठाऊक आहे. वडिलांच्या पश्चात बहिणी माहेरी येतात, भावांसाठी हक्कसोडपत्रावर सह्या करतात, साडी-चोळी घेऊन सासरी परततात. कित्येक सुशिक्षित स्त्रियांनी आयुष्यात स्वतःच्या मिळकतीसंबंधी केलेली पहिली सही हीच असते, आणि ती मिळकत सोडून देण्यासाठीची असते. ती सही प्रेमाने होते, हेही खरे. पण नात्याची किंमत म्हणून ती मागितली जात असेल, तर त्या प्रेमाचा हिशेब एकदा मांडला गेला पाहिजे.

येथे धर्माचा एक मुद्दा उपस्थित होतो. गृहस्थाच्या षट्कर्मांत दान हे एक कर्म सांगितले आहे, आणि ते श्राविकेलाही तितकेच लागू आहे. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात गृहस्थाच्या ३५ गुणांची जी यादी दिली, तिच्यातील पहिलाच गुण न्यायाने मिळवलेली संपत्ती हा आहे. मग जिच्या नावे संपत्तीच नाही, तिने दानाचे कर्म कोठून आचरावे? घरखर्चातून वाचवून ठेवलेल्या पैशांतून ती चौमुखीसमोर फळ ठेवते, आयंबिल खात्यात पावती फाडते, आणि पावतीवर नाव बहुधा कर्त्या पुरुषाचे असते.

लिज्जतच्या इतिहासातील एक प्रसंग यासंदर्भात नोंदण्याजोगा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला आणि हजारो माणसे ढिगाऱ्याखाली गेली. देशभरातून मदत आली, त्यात जैन समाजाच्या संस्थाही होत्या. देणगी न घेण्याचा निश्चय करून निघालेल्या या भगिनींनीही लातूर जिल्ह्यातील चिंचोली जोगण हे गाव पुनर्वसनासाठी घेतले. ५९ घरे बांधून झाली. खर्च संस्थेने केला आणि बांधकामावर देखरेखही तिनेच ठेवली. त्यासाठी कोणा शेठजींकडे जावे लागले नाही. पापड लाटणाऱ्या भगिनींनी आपल्या रोजच्या वणाईतून प्रत्येकी एक रुपया बाजूला काढला होता.